अनियमित क्रियापदांची कुळकथा

इंग्रजीशीं ज्यांचा शाळेंत संबंध आला, त्यांच्यापैकीं 'गो–वेंट–गॉन' ही त्रिपदी ज्यानें कधींच घोकली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठिण. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर ज्यांचें इंग्रजी पोसलें त्या पिढ्यांनीं ती घोकली, आणि ज्यांच्या हातीं आतां रंगीत चित्रांचीं पुस्तकें आलीं आहेत तीं आजचीं मुलेंहि ती घोकीतच आहेत. परवचा बहुतेक घरांतून गेला, रामरक्षा पुष्कळ घरांतून गेली; परंतु दिवेलागणीच्या सुमारास 'सिंग–सँग–संग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक' हा जप अद्याप कोठें ना कोठें तरी कानीं पडतोच. जुन्या परवच्याची जागा या नव्या परवच्यानें घेतली आहे असें म्हटलें तरी चालेल. भेद इतकाच, कीं पावकी-निमकी म्हणतांना एखाद्या मुलानें 'हें असेंच कां?' असें विचारलें, तर चार कवड्या मांडून त्याची खात्री करून देणारें कोणी तरी घरांत असे. या नव्या परवच्याला मात्र कारणच नाहीं, अशी सर्वांची समजूत. 'तीं क्रियापदें अनियमित आहेत, म्हणून तीं पाठ करावयाचीं,' एवढें सांगून मास्तरहि मोकळे होतात आणि पालकहि.

आम्हांस त्या 'अनियमित' या विशेषणाविषयींच थोडें बोलावयाचें आहे. व्याकरणकारांच्या दरबारांत हें विशेषण म्हणजे एक प्रकारचा ठपकाच होय. क्रियापदाच्या शेवटीं 'ड'चा प्रत्यय लावला म्हणजे भूतकाळ झाला, हा राजमार्ग. या मार्गानें मुकाट्यानें जाणारीं तीं सज्जन, आणि न जाणारीं तीं पुंड. ही वाटणी विद्यार्थ्याच्या मनांत इतक्या लवकर रुजते, कीं भाषा ही एक लहरी वस्तु असून इंग्रजी तर लहरींची राणीच आहे, असें त्यास जन्मभर वाटत राहतें. परंतु इतिहास पाहूं गेल्यास प्रकार अगदीं उलटा दिसतो. पुंड म्हणून ज्यांची नोंद झाली तेच या भाषेंतील जुने वतनदार. आणि 'ड'चा प्रत्यय हा मागाहून येऊन हळूहळू सगळा गांव बळकावून बसलेला उपरा आहे.

आल्फ्रेड राजानें इ. स. ८७१ पासून ८९९ पर्यंत राज्य केलें. त्याच्या काळची इंग्रजी आजच्या इंग्रजांसहि परकी भाषा म्हणूनच शिकावी लागते. त्या भाषेंत तीनशेंहून अधिक क्रियापदें अशीं होतीं, कीं ज्यांचा भूतकाळ प्रत्यय लावून होत नसे, तर धातूच्या पोटांतील स्वर बदलून होई. आणि हा बदल मनास येईल तसा होत नसे. या धातूंचे सात गण होते. संस्कृतांतील दहा गण ज्यांनीं पाठ केले आहेत त्यांस या सातांचें भय वाटण्याचें कारण नाहीं. ड्राइव्ह, राइड, राइट, राइज हे सर्व पहिल्या गणांतले सोबती, आणि अजूनहि ड्रोव्ह, रोड, रोट, रोज असे ते एकाच पावलानें चालतात. सिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन हे तिसऱ्या गणांतले. एका गणाची चाल कळली, कीं त्यांतील बहुतेक धातूंचा भूतकाळ न विचारतां सांगतां येई. ज्या काळीं हे गण जिवंत होते त्या काळच्या मुलास 'सँग' हें रूप, आपल्या मुलांस 'बसला' आणि 'उठला' हीं रूपें वाटतात तितकेंच सरळ वाटत असलें पाहिजे.

त्या भाषेंत आणखी एक बारकावा होता. भूतकाळीं एकवचनाचा स्वर निराळा आणि अनेकवचनाचा निराळा असे. एकट्यानें गाइलें तर 'सांग', पुष्कळांनीं गाइलें तर 'सुंगोन'. एकट्यानें लिहिलें तर 'व्राट', पुष्कळांनीं लिहिलें तर 'व्रिटोन'. पुढें हा वचनभेद नाहींसा झाला, तेव्हां प्रत्येक धातूस दोहोंपैकीं एका स्वराची निवड करणें भाग पडलें. 'राइट'नें एकवचनाचा स्वर घेतला, म्हणून त्याचें 'रोट' झालें; 'बाइट'नें अनेकवचनाचा घेतला, म्हणून त्याचें 'बिट' झालें. एकाच गणांतील दोन भाऊ वाटणीच्या वेळीं निराळीं भांडीं घेऊन वेगळे निघाले, एवढीच ती गोष्ट. 'राइट'चें 'रोट' होतें तर 'बाइट'चें 'बोट' कां होत नाहीं, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक मुलानें केला, तर शिक्षकानें त्याच्या बोटांवर पट्टी न मारतां हें वाटणीपत्र त्यास दाखवावें.

पण हे स्वर मुळांत बदलूं लागले कां? येथें ही कथा आपल्या घरापर्यंत येऊन पोहोंचते. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालच्या फेब्रुवारींत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें जें व्याख्यान दिलें, त्यांत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्या असें सांगतांना, साम्य कशांत दिसतें तें सांगण्यासाठीं त्यांनीं प्रथम क्रियापदांच्या धातूंकडेच बोट दाखविलें होतें. पुढें १८१६ त फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें संस्कृताच्या क्रियापदांचीं रूपें ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन भाषांतील रूपांशेजारीं मांडून दाखविलीं. आणि १८१९ त याकोब ग्रिम यानें आपल्या मोठ्या व्याकरणाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. मुलांच्या परीकथांमुळें ज्या ग्रिमबंधूंचें नांव घरोघर झालें, त्यांतील हा वडील. पोटांतील स्वर बदलणाऱ्या क्रियापदांस त्यानें 'बलवान' म्हटलें आणि प्रत्ययाच्या कुबडीवर चालणाऱ्यांस 'दुर्बल'. हीं नांवें जर्मन व्याकरणांत अद्याप चालू आहेत, आणि 'अनियमित' या नांवापेक्षां तीं आम्हांस कितीतरी अधिक न्यायाचीं वाटतात.

संस्कृतांतील 'भिद्' धातु घेऊं. परोक्ष भूतकाळीं त्याचें एकवचन 'बिभेद', अनेकवचन 'बिभिदुः'. एकवचनांत धातूच्या 'इ'चा गुण होऊन 'ए' झाला. अनेकवचनांत गुण नाहीं, 'इ' जसाचा तसा. आतां जुन्या इंग्रजींतील 'बाइट' पाहावें: एकवचन 'बाट', अनेकवचन 'बिटोन'. तोच भेद, त्याच जागीं. संस्कृतांतील 'ए' हा मुळांत जोडस्वर आहे हें वैयाकरणांस ठाऊकच आहे. 'बाट'मधील 'आ' हाहि त्याच जोडस्वराचा वंशज. आणि हें साम्य केवळ दिसण्यापुरतें नाहीं, कारण 'भिद्' आणि 'बाइट' हा एकच धातु होय. आपल्याकडे त्यानें फोडण्याचें काम पत्करलें, तिकडे चावण्याचें. 'भिन्न' या रूपाच्या शेवटचा नकार आणि 'बिटन' या रूपाच्या शेवटचा नकार हेहि सगोत्रच. तसाच 'बंध' आणि 'बद्ध' यांचा जो संबंध, तोच 'बाइंड' आणि 'बाउंड' यांचा. पाणिनीनें ज्यास गुण म्हटलें त्याचेंच दुसरें टोंक लंडनच्या रस्त्यांवर रोज बोललें जात आहे.

आम्हांस मनापासून लागते ती गोष्ट येथें आहे. महाराष्ट्रांत संस्कृत आणि इंग्रजी हे दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्यानें शिकावे, असा परिपाठ कित्येक पिढ्या चालत आला. एका तासाला 'बिभेद बिभिदतुः बिभिदुः', दुसऱ्या तासाला 'बाइट–बिट–बिटन'. एक देवांची भाषा म्हणून घोकावयाची, दुसरी साहेबाची म्हणून. एकीकडे पुण्य, दुसरीकडे पगार. हीं भावंडें एकाच बाकावर एकमेकांस खेटून बसलेलीं असतां त्यांची ओळख करून देणारा कोणी आम्हांस शाळेंत भेटला नाहीं. हें ज्ञान गुप्त होतें असें नाहीं. दोनशें वर्षें तें छापील ग्रंथांत पडून आहे.

यावर व्यवहारी वाचक विचारतील, कीं या कुळकथेनें परीक्षेंत एक तरी गुण वाढेल काय? वाढणार नाहीं. पाठांतरास आमचा विरोधहि नाहीं. पाठांतरावांचून कोणतीच भाषा कोणास आलेली नाहीं, आणि ज्यास 'सँग' पाठ नाहीं त्यास त्याचा इतिहास सांगणें हें उपाशी माणसापुढें पाकशास्त्राचें पुस्तक ठेवण्यासारखेंच आहे. विरोध आहे तो 'याला कांहीं कारण नाहीं' असें मुलास खोटें सांगण्याला. पाठ करावें, पण एका वस्तूला कारण आहे आणि तें शोधणाऱ्यास सांपडतें, हें ठाऊक असून पाठ करावें.

कारण शोधणाऱ्यास काय सांपडूं शकतें याचें एक उदाहरण इतकें सुंदर आहे, कीं तें सविस्तर सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'वॉज' आणि 'वेअर' हीं एकाच क्रियापदाचीं एकवचन-अनेकवचनें. एकांत 'ज', दुसऱ्यांत 'र', असें कां? ग्रिमनें दाखविलें होतें, कीं संस्कृतादि भाषांतील 'प', 'त', 'क' यांच्या जागीं इंग्रजी-जर्मन घराण्यांत 'फ', 'थ', 'ह' येतात. 'त्रि'चें 'थ्री' होतें, 'पितृ'मधील पकाराचा 'फादर'मध्यें फकार होतो. पण या नियमाला अपवाद फार. आज 'ब्रदर' आणि 'फादर' यांचे उच्चार जुळले आहेत. जुन्या इंग्रजींत मात्र 'ब्रोथोर' आणि 'फॅडेर' असे ते दोन तऱ्हेचे होते. 'भ्रातृ' आणि 'पितृ' या दोहोंतहि तकार एकच, मग एकाचा 'थ' आणि दुसऱ्याचा 'ड' कां? पन्नास वर्षें हें कोडें पडून राहिलें.

तें सोडविलें कार्ल व्हेर्नर या डॅनिश विद्वानानें, १८७५ च्या सुमारास. सांगतात, कीं एके दिवशीं दुपारीं वामकुक्षीसाठीं आडवें होतांना, झोंप यावी म्हणून त्यानें बॉपचा ग्रंथ हातीं घेतला, आणि उघडलेल्या पानावर हेच दोन संस्कृत शब्द त्याच्या दृष्टीस पडले. त्या शब्दांवर वेदांतील स्वरांच्या खुणा केलेल्या होत्या. 'भ्राता' शब्दांत उदात्त पहिल्या अक्षरावर. 'पिता' शब्दांत शेवटच्या अक्षरावर. झोंप यावयाची ती उडाली. ज्या व्यंजनाच्या लगत आधीं आघात होता तें व्यंजन कठोर राहिलें. जेथें आघात पुढें होता तेथें तें मऊ पडलें. हाच नियम सकारालाहि लागू. आघात पुढें असेल तर 'स' मऊ होऊन पुढें त्याचा 'र' होई. आतां 'वॉज' हें क्रियापद म्हणजे आपला 'वस्' धातु. त्याचें परोक्ष भूतकाळीं एकवचन 'उवास', त्यांत उदात्त धातूवर. अनेकवचन 'ऊषुः', त्यांत उदात्त प्रत्ययावर. म्हणून एकवचनाचा सकार टिकला आणि अनेकवचनाचा रकार झाला. पुढें इंग्रजी-जर्मन घराण्यानें आघात शब्दाच्या आरंभीं पक्का बसविला, तेव्हां कारण नाहींसें झालें आणि कार्य तेवढें राहिलें. पाऊस ओसरून गेला आणि भिंतीला ओल राहिली, तशी. 'वेअर'मधील रकार ही ती ओल आहे. हरवणें या अर्थाच्या 'लूज' धातूचें 'फॉरलॉर्न' हें जें जुनें रूप कवितेंत उरलें आहे, त्यांतील रकारहि याच पावसाचा.

ज्या पाठकांनीं उदात्त, अनुदात्त, स्वरित असे हात आणि मान हालवून, एक मात्रा इकडची तिकडे होऊं न देतां हे स्वर पिढ्यान्-पिढ्या सांभाळले, त्यांच्यापैकीं कोणासहि कल्पना नव्हती, कीं आपल्या मुखांत एका दूरच्या बेटावरील भाषेच्या कोड्याचें उत्तर आहे. अर्थ न जाणतां केलेल्या घोकंपट्टीची थट्टा आम्हीहि पुष्कळदां केली आहे. या एका बाबतींत मात्र त्या घोकंपट्टीपुढें हात जोडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

'वस्' म्हणजे राहणें. आपली 'वस्ती' त्याचीच. इंग्रजांच्या या एका क्रियापदांत तीन घराण्यांचीं माणसें एकत्र नांदत आहेत: 'इज' हें 'अस्'पासूनचें, 'बी' हें 'भू'पासूनचें आणि 'वॉज' हें 'वस्'पासूनचें. मराठींत असणें, होणें आणि वसणें यांनीं आपापलीं तीन घरें वेगळीं थाटलीं, इतकाच फरक. 'कॅन', 'मे', 'शॅल' यांना 'ही'च्या पुढें 'स'चा प्रत्यय कां लागत नाहीं, याचेंहि उत्तर संस्कृताच्या विद्यार्थ्यास सुचण्यासारखें आहे. 'वेद' हें रूप भूतकाळाचें आणि अर्थ वर्तमानाचा, 'पाहिलें आहे, म्हणून जाणतो' असा. जुन्या इंग्रजींतील 'वाट' हें त्याचें जुळें भावंड. 'कॅन' आणि मंडळी याच पंथांतली. अंगरखा भूतकाळाचा, म्हणून वर्तमानाचा गोंडा त्यांस शोभत नाहीं.

आतां त्या उपऱ्या 'ड'ची हकीकत. हा प्रत्यय संस्कृतांत नाहीं, ग्रीकांत नाहीं, लॅटिनांत नाहीं. इंग्रजी-जर्मन घराणें वेगळें निघाल्यावर तो त्या घरांत उत्पन्न झाला. तो आला कोठून याविषयीं विद्वानांत वाद आहेत. परंतु पुष्कळांचें मत असें, कीं 'डू' या क्रियापदाचा भूतकाळ इतर शब्दांस चिकटून झिजत गेला आणि त्याचा 'ड' तेवढा उरला. नामांपासून बनविलेल्या नव्या धातूंस जुन्या सात गणांत पान मांडलेलें नव्हतें. तेव्हां त्यांच्यापुढें 'केलें' असें जोडून काम भागविण्यांत आलें. आपण मराठींत 'फोन केला', 'पास केलें' असें म्हणून परक्या शब्दांस घरांत घेतों, तीच ही युक्ति. 'लव्ह्ड' म्हणजे अक्षरशः 'प्रेम केलें'. आणि हा 'डू' कोण, म्हणाल, तर आपला 'धा' धातु. 'दधाति' या रूपांत आरंभींच्या अक्षराचें जें द्वित्व होतें, ज्यास आपले वैयाकरण अभ्यास म्हणतात, त्याचाच अवशेष 'डिड'च्या दोन डकारांत अजून दिसतो. म्हणजे ज्या प्रत्ययाच्या जोरावर बाकीच्यांस अनियमित ठरविलें, तो प्रत्यय स्वतः या भाषेंतील एका अत्यंत पुरातन आणि चमत्कारिक क्रियापदाच्या पोटीं जन्मलेला आहे.

'कीप–केप्ट' याचा तंटा निराळा. हें मुळांत 'ड'च्याच पंथांतलें. दोन व्यंजनें एकत्र आलीं कीं त्यांच्या आधींचा दीर्घ स्वर र्‍हस्व व्हावा, असा पालट सुमारें अकराव्या शतकांत झाला, आणि 'केप्ट'चा स्वर आंखूड झाला. पुढें इ. स. १४०० ते १७०० च्या दरम्यान इंग्रजींतील सगळ्या दीर्घ स्वरांनीं आपापल्या जागा बदलल्या. त्या गडबडींत 'कीप' आपल्या जागेवरून हालला, 'केप्ट' मात्र र्‍हस्व असल्यामुळें जेथल्या तेथें राहिला. दोन नियम एकामागून एक लागले आणि त्यांतून जें निघालें त्यास आपण अनियमित म्हणतों. 'थॉट' आणि 'ब्रॉट' यांच्या लेखनांत जीं दोन मुकीं अक्षरें मुलांस छळतात, तींहि एके काळीं घशांतून खरखरीत उच्चारलीं जात असत. 'सेट' आणि 'हिट' यांच्या शेवटच्या टकारांत प्रत्ययच विरघळून गेला. यांविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं.

'गो'चें 'वेंट' कां, हें मात्र सांगितलेंच पाहिजे. आमच्या घरांतील सहा वर्षांची मुलगी मध्यंतरीं शाळेंतून येऊन सांगूं लागली, कीं 'आय गोड टु द गार्डन'. घरांत हंशा पिकला. कोणी म्हणालें, 'अग, गोड नव्हे, वेंट.' त्यावर तिनें 'वेंट कां?' असें विचारलें आणि हंशा थांबला. त्याच आठवड्यांत ती 'मीं चित्र करलें' असें म्हणाली, तेव्हां मात्र कोणीच हंसलें नाहीं. आजीनें हातांतलें निवडणें न थांबवितां 'केलें, बाळ' एवढेंच म्हटलें. विलायतेंतील मुलेंहि या वयांत 'गोड'च म्हणतात, आणि त्यांच्या आज्या त्यांस अशाच सुधारतात. मुलाचें चुकणें हें नियम न कळल्याचें लक्षण नव्हे, तो फार चांगला कळल्याचें आहे.

जुन्या इंग्रजींत 'गो'चा भूतकाळ 'एओदे' असा होता, म्हणजे तेव्हांहि तो धातूच्या वर्तमानरूपाशीं जुळत नव्हताच. 'वेंट' हा भूतकाळ खरा 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाचा. 'सेंड'चें 'सेंट', 'लेंड'चें 'लेंट', तसें 'वेंड'चें 'वेंट'. वळणें, वाट धरणें हा त्याचा अर्थ. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'एओदे'चा वंश निर्वंश झाला आणि त्याच्या घरांत 'वेंट' दत्तक आला. यांत हंसण्यासारखें काय आहे? आपण 'जातो' म्हणतों आणि 'गेला' म्हणतों. 'जा' हा 'या' धातूपासून, 'गेला' हें 'गम्'च्या 'गत'पासून. जाण्याच्या क्रियापदानें भूतकाळासाठीं शेजाऱ्याचें दार ठोठवावें, हा प्रकार इंग्रजीइतकाच आपल्याकडेहि आहे. पण 'जातो–गेला' याचा तक्ता आपल्या घरांत कोणी भिंतीवर लाविला नाहीं, कारण तो आपल्यास कधीं खुपलाच नाहीं. 'केला' हें 'कृत'पासूनचें, 'मेला' हें 'मृत'पासूनचें, 'आला' हें 'आगत'पासूनचें. आणि गंमत अशी, कीं इंग्रजांचा 'कम' हाहि 'गम्'च. म्हणजे त्यांचें येणें, आपलें येऊन चुकणें आणि आपलें जाऊन चुकणें, हीं तिन्ही एकाच धातूच्या पायांनीं चाललेलीं आहेत.

मग तीनशें बलवानांपैकीं आज थोडेच कां उरले? १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें बराच काळ दरबार फ्रेंचांत व पांडित्य लॅटिनांत चाललें. इंग्रजी शेतांत आणि स्वयंपाकघरांत राहिली. तिच्या रूपांवर पहारा ठेवणारा कोणी उरला नाहीं. कित्येक जुने धातु मेले, कित्येक 'ड'च्या पंथांत गेले. 'हेल्प'चें 'होल्पन' असें रूप १६११ सालच्या बायबलांत अजून दिसतें. आज तें कोणी बोलत नाहीं. घेणें या अर्थाचा 'निमन' हा अस्सल देशी धातु, त्यास उत्तरेकडून आलेल्या समुद्रचरांच्या 'टेक'नें हांकलून दिलें. जातांना तो आपलें एक रूप मागें टाकून गेला, तें म्हणजे 'नम', बधिर, ज्याची संवेदना कोणी घेऊन गेलें आहे असा.

टिकले कोण, तर ज्यांचें नांव रोज घ्यावें लागतें ते. इंग्रजींत सर्वांत अधिक वापरलीं जाणारीं दहा क्रियापदें पाहिलीं, तर तीं सर्वच्या सर्व अनियमित आहेत. रोज घासलें जाणारें भांडें जसें गंजत नाहीं, तसें रोज उच्चारलें जाणारें रूप मुलाच्या कानीं इतक्या वेळां पडतें, कीं त्यास नवें रूप रचण्याची सवड मिळत नाहीं. २००७ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील कांहीं संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत याचें गणित मांडलें. जुन्या इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदें त्यांनीं निवडलीं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतील १४५ अनियमित राहिलीं होतीं, आज ९८ उरलीं आहेत. त्यांनीं काढलेला नियम असा, कीं एखादें क्रियापद दुसऱ्यापेक्षां शंभर पट कमी वापरलें जात असेल, तर तें दहा पट वेगानें 'ड'च्या स्वाधीन होतें. उलट दिशेनें जाणारे थोडे वीरहि आहेत. 'स्ट्राइव्ह' हा फ्रेंचांकडून आलेला पाहुणा, त्यानें 'ड्राइव्ह–ड्रोव्ह' पाहून 'स्ट्रोव्ह' केलें. 'डिग'चें १६११ च्या बायबलांत 'डिग्ड' होतें, त्याचें पुढें 'डग' झालें. अमेरिकेंत तर 'डाइव्ह'चें 'डोव्ह' आणि 'स्नीक'चें 'स्नक' एकोणिसाव्या शतकांत नव्यानें निर्माण झालें, आणि तेथील व्याकरणप्रेमी अद्याप त्यांवर रागावलेले असतात.

त्या गणितांत यापुढील बळीचेंहि नांव दिलें आहे. विवाह करणें या अर्थाचें एक इंग्रजी क्रियापद आहे. वर्तमानकाळीं, भूतकाळीं आणि तिसऱ्या रूपांतहि त्याचा उच्चार 'वेड' असाच. तें आतां फारसें कोणी वापरीत नाहीं, आणि जे वापरतात त्यांपैकीं पुष्कळजण 'वेडेड' म्हणूं लागले आहेत. म्हणजे हें वेड आतां फार दिवस टिकावयाचें नाहीं, असें हार्वर्डच्या पंडितांचें भाकीत आहे.